डबाभर बर्फ

सतरा वर्षं मी बोललो.
शहाद्याच्या या कॉलेजात, खोली क्रमांक नऊ,
एक पंखा चालू, एक नुसता टांगलेला.
सुप्त उष्णता : व्याख्या, सूत्र, एकक, टीप लिहा.
वहीचे कोपरे इतके मऊ झाले
की पान उलटताना आवाजही होत नसे.
समोर माना हलत.
मी त्याला समजणं म्हणायचो.

मग एका एप्रिलमध्ये पेपर तपासताना
एकोणचाळीस उत्तरपत्रिकांत सापडलं
माझंच एक वाक्य, माझ्याच चुकीसकट.
फळ्यावर घाईत एक शब्द सुटला होता.
कुणीच विचारलं नव्हतं.

म्हणून यंदा दहा मिनिटांनी खडू ठेवतो.
"शेजारच्याला विचारा,
उन्हातल्या माठातलं पाणी गार का?"
शेजारचा म्हणजे कोण, इथेच घोडं अडलं.
बाकं फरशीत ठोकलेली, मुली भिंतीकडे, मुलं दाराकडे,
गुजरांची पोरं एका ओळीत,
डोंगरातली सगळ्यांत मागे, दप्तर मांडीवर.
चिठ्ठ्या टाकल्या. चौघांचा एक गट.
अर्धा वर्ग बाकांवर उलटा बसला.

पहिला महिना वाया गेला म्हणा.
हेतल एकटी लिहायची, बाकीचे तिचं अक्षर बघायचे.
दगाभाऊ शिपाई दारातून डोकावला,
"सर शेतस का वर्गमा? प्राचार्य इचारी ऱ्हायनात."
तक्रारपेटीत चिठ्ठी निघाली :
सर शिकवत नाहीत, आम्हालाच शिकायला लावतात.
ती अजून माझ्या पाकिटात आहे.
त्यात खोटं काय होतं?

मग धडाच फाडला. चौघांना चार तुकडे.
भटूचा तुकडा आला नाही तर हेतलचं गणित अडणार,
तिचं अडलं तर तिघांचे गुण अडणार.
भांडणं झाली. बरं वाटलं.

मार्चमधल्या त्या दुपारी
गोळेवाल्याकडून स्टीलच्या डब्यात बर्फ आणला,
त्यात तापमापी रोवली.
शून्य. पाच मिनिटांनी शून्य. पंधरा मिनिटांनीही.
बाहेर बेचाळीस, कपाळं ओली,
आणि पारा जागचा हलेना.
भटू म्हणाला, "थर्मामीटर बिघडेल शे, सर."
माझ्या तोंडाशी व्याख्या आली होती.
गिळली. शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

रायली पावरा जूनपासून बोलली नव्हती.
हजेरीलासुद्धा फक्त पेन वर करायची.
ती सायसिंगला पावरीत काही म्हणाली, पुष्कळ वेळ,
बोटांनी हवेत काहीतरी उकलत.
सायसिंगने भटूला अहिराणीत सांगितलं,
भटूने हेतलला, निम्मं मराठीत, निम्मं हातवाऱ्यांनी :
उष्णता आत गाठी सोडायला बसली आहे.
गाठी सोडायला बसलेलं माणूस
पुढे चालत नाही.
हेतलने वहीत लिहिलं : आंतररेण्वीय बल.
मग ते खोडून वर लिहिलं : गाठी.

तीन भाषा ओलांडून ते माझ्यापर्यंत आलं
तेव्हा मला वाटलं, पहिल्या भाषेत
याहून काहीतरी जास्त असणार.
विचारलं नाही. मला ती येत नाही,
सतरा वर्षं याच गावात राहून.

तास संपल्याचं कुणाला कळलं नाही.
रायलीची साडेबाराची धडगाव गाडी गेली,
पुढची तीनला.
मी म्हणालो, चूक माझी.
ती डब्याकडे बघत होती.
"हे घेऊन जाऊ, सर? स्टँडवर?"
विभागाची तापमापी बाहेर नेता येत नाही,
तसा नियम आहे.
दिली.

दुसऱ्या दिवशी डबा टेबलावर होता, धुतलेला,
झाकणाखाली तिकिटाच्या पाठीवर वेळा आणि आकडे :
सव्वाला शून्य. पावणेदोनला शून्य.
दोन वाजून पाच मिनिटं, एक.
खाली भटूचं अक्षर, हेतलचं अक्षर.
म्हणजे तेही थांबले होते,
ज्यांना कुठलीच बस धरायची नव्हती.

पारा हलला तेव्हा
मी घरी जेवत होतो.